गळतीचा हिशेब

सांगलीच्या गावभागातील त्या जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाज्यातून आत पाऊल टाकले, की उजव्या हाताला हळदीची पोती रचलेली दिसतात आणि डाव्या हाताला, पत्र्याच्या छपराखाली, दुधी रंगाची एक प्रीमियर पद्मिनी उभी असते. वाड्याचे कर्ते पुरुष, ज्यांना घर आणि पेठ दोन्ही अप्पा म्हणून ओळखतात, त्यांनी ती 1986 साली घेतली. फियाट 1100 या इटालियन गाडीचा तो भारतीय अवतार. मुंबईच्या कुर्ल्यातील कारखान्यात तयार झालेला, 1089 सीसीचे इंजिन आणि सुकाणूच्या खांबालाच जोडलेला गिअरचा दांडा असलेला. त्या काळी गाडीसाठी पैसे भरून वाट पाहावी लागे आणि ती दारात आली की आधी ओवाळणी होई, मग फेरी.

या गाडीने घरातील दोन नववधू आणल्या. दरवर्षी कुंभोजच्या बाहुबलीला सारे कुटुंब तिनेच जाते. 28 फुटी शुभ्र मूर्ती दुरून दिसू लागली, की मागच्या आसनावरची मुले गप्प होतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी गावभागात चढू लागले, तेव्हा अप्पांनी आधी माल हलवला, मग माणसे, आणि शेवटच्या फेरीत ही गाडी विश्रामबागेतील आप्तांच्या अंगणात नेऊन लावली. घरचे फर्निचर पाण्यात गेले, गाडी वाचली. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली, ही बातमी अप्पांनी कात्रून डायरीत ठेवली आहे. शहाहत्तराव्या वर्षी माणसाला आपल्या वयाच्या वस्तूंचा निरोप असाच जपून ठेवावासा वाटत असावा.

मागल्या श्रावणात एका सकाळी आई, म्हणजे अप्पांच्या पत्नी, मंदिरात जाण्यासाठी निघाल्या आणि गाडीपाशी थबकल्या.

“अहो, इथे पेट्रोलचा वास येतोय.”

अप्पा बाहेर आले, गाडीजवळ उभे राहिले, एक दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, “काही नाही. पावसाळी हवा आहे, कोंदट वाटतंय तुला.”

दुसऱ्या दिवशी आईंनी पुन्हा तेच सांगितले. तिसऱ्या दिवशी त्यांनी वासाचा विषय काढला नाही. खाली वाकून पुढच्या चाकाजवळची फरशी दाखवली. तिथे ओल नव्हती, डागही जवळजवळ नव्हता. मात्र मुंग्यांची एक ओळ मध्येच तुटली होती आणि तुटल्या जागी दहा-वीस मुंग्या मरून पडल्या होत्या. रात्री पाणीही न घेणाऱ्या, छन्न्याशिवाय घागर न भरणाऱ्या त्या माउलीला एवढा पुरावा पुरेसा होता. पेट्रोल उडून जाते, साक्ष ठेवत नाही. पण ज्यांच्यावरून ते गेले, ते जीव साक्षीला उरले होते.

थोरल्या मुलाचे मत ठरलेले होते. “अप्पा, आता ही गाडी काढून टाकू. पोत्यांपासून पाच हातांवर पेट्रोल गळत असेल, तर वाड्याचं काय होईल?” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर निघून जात नाही, जमिनीलगत पसरते, खळग्यात साचते आणि एखाद्या ठिणगीची वाट पाहत राहते. शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीतही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडू शकते. सांगलीच्या हवेत तर बोलायलाच नको. दिवाच लागतो असे नाही, विजेचे बटण दाबतानाची बारीक ठिणगीही पुरते. तागाची पोती, लाकडी माडी आणि माडीवर निजलेली नातवंडे. मुलाच्या डोळ्यांसमोर हे चित्र होते. अप्पांच्या डोळ्यांसमोर मात्र फक्त ‘काढून टाकू’ हे शब्द राहिले.

त्यांनी त्याच दिवशी गाडी जवळच्या एका गॅरेजात नेली. तिथल्या तरुण कारागिराने बॉनेट उघडले, कार्बोरेटरकडे जाणारा रबरी पाइप ओला दिसला, तो काढला, त्या जागी पारदर्शक प्लास्टिकची नळी बसवली, दोन क्लिपा घट्ट आवळल्या आणि अर्ध्या तासात गाडी परत दिली. घरी आल्यावर अप्पा विजयी मुद्रेने म्हणाले, “पाइप गेला होता. झालं काम.” जुना पाइप मात्र त्यांनी सवयीने कागदात बांधून डिकीत टाकला होता, बदललेली वस्तू डोळ्यांआड होऊ द्यायची नाही, हा दुकानाचा नियम.

आठ दिवसांनी आईंना पुन्हा वास आला.

या वेळी घरातल्या नातीने लक्ष घातले. ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकते आणि अप्पांची लाडकी आहे. तिने आजोबांची गाडीची डायरी मागून घेतली. 1986 पासून प्रत्येक वेळी भरलेले पेट्रोल, किलोमीटरचा आकडा, ऑइल, हवा, डागडुजी, सारे त्या डायऱ्यांत रोजकीर्दीप्रमाणे नोंदलेले आहे. गाडी वर्षानुवर्षे लिटरला बारा किलोमीटर देत आली होती. चैत्रापासून तो आकडा अकरावर उतरला होता. म्हणजे 30 लिटर पेट्रोलमागे 30 किलोमीटर कमी; दुसऱ्या शब्दांत, दर 30 लिटरमागे अडीच लिटर पेट्रोलचा खर्च कुठेच दाखल नव्हता.

“ते इथेनॉलमुळे,” अप्पा म्हणाले. “वीस टक्के मिसळतात आता.”

हे कारण सोयीचे होते आणि अर्धे खरेही. 2023 च्या फेब्रुवारीपासून देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी, त्यामुळे गाडी थोडे कमी अंतर जाते. जुन्या गाड्यांचे रबर अशा मिश्रणासाठी घडवलेले नसते. ते आतून फुगते, मऊ पडते. पण नातीने डायरी उलटी चाळून दाखवले, की असे पेट्रोल आपल्या गाडीत गेल्या वर्षापासूनच पडते आहे आणि घट सुरू झाली ती या चैत्रात. “आजोबा, कारण आधी येतं आणि परिणाम नंतर, हे ठीक; पण मध्ये वर्ष जातं का?”

अप्पांना उत्तर सुचले नाही. त्यांनी मिरजेच्या मिस्त्रींना निरोप धाडला.

मिस्त्रींनी स्वतःचे गॅरेज केव्हाच मुलांच्या हवाली केले होते. पण या गाडीसाठी ते आले. आल्याबरोबर त्यांनी हत्यारे बाहेर काढली नाहीत. आधी विचारले, “आज गाडी चालू केली होती का?” नाही म्हटल्यावर म्हणाले, “करूही नका. ढकलत बाहेर आणू.” चौघांनी गाडी ढकलून उघड्या चौकात आणली. मिस्त्रींनी बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवली, देवघरातील उदबत्ती विझेपर्यंत वाट पाहिली, वाळूची बादली जवळ ठेवली आणि दुकानातील भुकटीचे अग्निशामक नळकांडे मागवून घेतले. पाहण्यासाठी वायरीचा दिवा त्यांनी नाकारला. गरम बल्ब फुटला तर तोच काडेपेटी होतो. नातीने छोटी बॅटरीची टॉर्च दिली, ती त्यांनी घेतली.

मग त्यांनी जे केले, ते पाहण्यासारखे होते. ओल शोधण्याऐवजी ते स्वच्छ जागा शोधू लागले. जुन्या इंजिनावर तेल आणि धूळ यांचा काळा थर असतो. पेट्रोल ज्या वाटेने ओघळते, ती वाट धुऊन निघते, आणि ते वारंवार सुकले, की तिथे तपकिरी वार्निशासारखा पापुद्रा धरतो. “थेंब जिथे पडतो, तिथे गळती नसते,” ते नातीला सांगत होते. “थेंब लोखंडाच्या कडेकडेने प्रवास करतो आणि सोयीच्या जागी पडतो. आपण पडल्या जागेपासून उलटं वर जायचं.” पुसून कोरड्या केलेल्या सांध्यांवर त्यांनी लहान मुलांची पावडर भुरभुरवली. थोडा वेळ पेट्रोलच्या नळीला हाताने दाब दिला. पंपाच्या तोंडाशी, नव्या प्लास्टिक नळीच्या क्लिपेखाली, पांढऱ्या पावडरीत एक करडा ठिपका उमटला आणि हळूहळू मोठा झाला.

उघडी गळती सापडली होती. इंजिनाच्या उष्णतेने ती नळी आठ दिवसांतच कडक झाली होती आणि अति आवळलेली क्लिप तिच्यात रुतून चीर पडली होती. अप्पांनी डिकीतला जुना पाइप आणून दिला. मिस्त्रींनी तो उभा चिरला. बाहेरून उन्हात तडकलेल्या शेतासारखा, आतून पिलपिलीत. अप्पा म्हणाले, “म्हणजे पाइपच होता. मी तेच म्हणत होतो.”

मिस्त्री हात पुसत होते. सहज विचारावे तसे त्यांनी विचारले, “ऑइल किती टाकावं लागतं हल्ली?”

अप्पांचा चेहरा उजळला. “तेच तर सांगायचं राहिलं! पूर्वी हजार किलोमीटरला अर्धा लिटर टाकावं लागे. गेल्या पाच महिन्यांत एक थेंब टाकला नाही. पट्टीवर पातळी जरा वरच दिसते. या वयात इंजिन सुधारलं म्हणायचं.”

मिस्त्रींचे हात थांबले. त्यांनी ऑइलची पट्टी काढली, पुसली, पुन्हा घालून बाहेर काढली. तेल वरच्या खुणेच्याही वर होते. एक थेंब त्यांनी वर्तमानपत्रावर सोडला. तो गोळा होऊन राहिला नाही, पाण्यासारखा पसरत गेला. मग त्यांनी पट्टी अप्पांपुढे धरली. “वास घ्या, अप्पा.”

अप्पांनी पट्टी नाकाशी नेली. क्षणभर तशीच धरली. चौकात सारे त्यांच्याकडे पाहत होते.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “ऑइलचाच वास आहे.”

नातीने त्यांच्या हातून पट्टी घेतली आणि नाकापासून वीतभर अंतरावरच मान मागे घेतली. “आजोबा! हे तर पेट्रोल आहे!”

मिस्त्रींनी अप्पांकडे पाहिले, मग नजर खाली वळवली आणि पान्हा शोधू लागले. जे कळायचे ते त्यांना कळले होते, आणि ते चारचौघांत बोलायचे नसते हेही.

पुढचे काम तासाभराचे होते. इंजिनाच्या अंगाला एक छोटा पंप बसवलेला असतो, त्याला गॅरेजवाले एसी पंप म्हणतात. इंजिनाच्या फिरण्याने त्याचा दांडा हलतो, दांड्याने एक लवचिक पडदा वर-खाली होतो आणि तो पडदा टाकीतले पेट्रोल ओढून कार्बोरेटरकडे लोटतो. पडद्याच्या एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला इंजिनाचे तेल. मधली भिंत कागदाच्या दोन-चार घड्यांएवढी. मिस्त्रींनी पंप सोडवून पडदा प्रकाशासमोर धरला. मधोमध एक बारीक चीर होती, बंद असताना न दिसणारी, ताण दिल्यावर ओठांसारखी उघडणारी. प्रत्येक हेलकाव्यासरशी तिच्यातून थोडे पेट्रोल खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरत होते. नातीच्या अडीच लिटरांतला मोठा वाटा इथे गेला होता. तेल जळून कमी होत होते तेवढी जागा पेट्रोल भरून काढत होते. म्हणून पट्टीवर सारे आलबेल, किंबहुना भरभराट दिसत होती.

“बाहेरची गळती वाडा जाळू शकते,” मिस्त्री म्हणाले. “आतली इंजिन खाते. पातळ झालेलं तेल बेअरिंगला धरत नाही. शिवाय चेंबरात वाफ कोंडली, तर तिथेही धोका. बाहेरची गळती निदान वासानं ओरडते. आतली नफा दाखवते.”

पेठेत उभे आयुष्य काढलेल्या माणसाला याहून अधिक सांगण्याची गरज नव्हती. खात्यात कारण नसता शिल्लक वाढली, तर चांगला व्यापारी आनंदत नाही. रात्री दिवा लावून कीर्द पुन्हा तपासतो. तूट लगेच डोळ्यांत भरते, कारण ती बोचते. विनाकारण आलेली वाढ कोणी तपासत नाही, कारण ती गोड लागते. अप्पांनी ही गोष्ट तीन मुनीमांना आणि दोन मुलांना शिकवली होती. स्वतःच्या गाडीच्या डायरीत मात्र पाच महिने ऑइलचा रकाना कोरा पाहून ते समाधान मानत राहिले.

पंपाला नवा पडदा आणि नवे पॅकिंग बसले. प्लास्टिकची नळी काढून, इथेनॉल सोसणारा पेट्रोलचा खास पाइप आणि बेताने आवळलेल्या क्लिपा आल्या. सारे तेल आणि तेलाचा फिल्टर बदलला. पेट्रोलचा फिल्टर काढला तेव्हा त्यातून गंजाचा गाळ निघाला, आणि आई एवढेच म्हणाल्या, “पाणी गाळल्याशिवाय पीत नाही आपण, आणि हे?” सगळे हसले. अप्पाही हसले, पण थोडे उशिरा.

काढलेले पेट्रोलमिश्रित तेल मिस्त्रींनी गटारात ओतू दिले नाही. झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून, जुने तेल गोळा करणाऱ्यांकडे द्यायला सोबत नेले. जाताना त्यांनी अप्पांना बाजूला घेऊन हळू आवाजात विचारले, “किती दिवस झाले?”

“चार वर्षं,” अप्पा म्हणाले.

2021 सालच्या त्या आजारात अप्पांचे गंधज्ञान गेले, ते परतले नाही. ताप उतरला, ताकद आली, चव थोडीफार आली. वास आला नाही. त्यांनी हे कोणालाही सांगितले नव्हते. हळदीच्या व्यापाऱ्याने काय सांगावे? नमुना हातात घ्यायचा, कुडी मोडायची, तुटण्याचा खणखणीत आवाज ऐकायचा, आतला केशरी रंग पाहायचा आणि नाकाशी नेऊन मान डोलवायची. पहिल्या तीन गोष्टी त्यांना अजून कोणाहूनही चांगल्या येत. चौथी ते अभिनयाने करत. शेजारच्या मुनीमाला “तुला कसा वाटतो?” असे विचारत आणि त्याच्या उत्तरावर आपले मत बेतत. पेठेला वाटे, अप्पा नव्या माणसाला शिकवत आहेत. घरात आईंनी वासाची तक्रार केली, तेव्हा त्यांना भीती गळतीची वाटली नव्हती. आपल्याला वास येत नाही हे उघड होईल, याची वाटली होती. म्हणूनच ते तीनदा ‘काही नाही’ म्हणाले. त्या तीन नकारांच्या काळात वर माडीवर नातवंडे झोपत होती.

आपल्या तत्त्वविचारात आस्रव आणि संवर समजावताना नावेचा दाखला देतात. नावेला छिद्र पडले, की पाणी आत येते, तो आस्रव. छिद्र बुजवणे हा संवर. आत साचलेले पाणी उपसून काढणे ही निर्जरा. लहानपणापासून ऐकलेल्या या दाखल्यातील क्रम अप्पांना त्या रात्री नव्याने उमगला असावा. छिद्र बुजवल्याखेरीज उपसण्याला अर्थ नाही. आणि छिद्र आहे हे मान्य केल्याखेरीज ते बुजवता येत नाही. पहिल्या कारागिराने ओल पुसली होती. मिस्त्रींनी चीर शोधली. आणि ती शोधण्यासाठी त्यांना एकच अवघड प्रश्न विचारावा लागला होता, जो अप्पांनी स्वतःला विचारला नव्हता.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आले. तिसरा दिवस उत्तम आर्जवाचा. मन, वाणी आणि कृती यांत वाकडेपणा नसणे म्हणजे आर्जव. मंदिरातून परतल्यावर अप्पांनी दोन्ही मुलांना आणि मुनीमाला दुकानाच्या गादीवर बसवले आणि सांगितले. फार शब्द वापरले नाहीत. “मला वास येत नाही. चार वर्षं झाली. यापुढे नमुन्याचा वास थोरल्याने घ्यायचा आणि मी रंग आणि मोड पाहायची. या चार वर्षांत मी कोणता माल चुकीचा घेतला असेल, तर वही काढून पाहू.”

थोरला मुलगा काही वेळ बोलला नाही. गाडी विकण्याचा आग्रह धरताना आपण वडिलांना काय काय वाटू दिले, हे त्याच्या मनात आले असावे. मग तो म्हणाला, “अप्पा, वही काढायची गरज नाही. मुनीमजींनी मला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. आम्ही प्रत्येक नमुना तुमच्यामागून पुन्हा पाहत होतो.”

म्हणजे त्या घरात गळती एकच नव्हती. वडील लपवत होते आणि मुले लपवल्याचे लपवत होती. दोघेही एकमेकांचा मान राखण्यासाठी. पट्टीवरची पातळी मात्र सारा वेळ उत्तम दिसत होती.

गाडी विकली गेली नाही. ती आता पोत्यांपासून दूर, चौकाच्या उघड्या कोपऱ्यात उभी राहते. भिंतीवर अग्निशामक नळकांडे टांगले आहे. डायरीत ऑइलच्या रकान्यापुढे नवा रकाना आखला आहे, ‘पट्टी पाहिली, वास पाहिला’, आणि दर आठवड्याला त्यात नातीची सही असते. लिटरमागचा आकडा साडेअकरावर आला आहे. उरलेला अर्धा इथेनॉलच्या नावे टाकण्यात आला.

क्षमावणीनंतरच्या रविवारी सारे कुटुंब बाहुबलीला निघाले. अप्पा चालकाच्या जागी बसले. किल्ली लावली, पण फिरवली नाही. काच खाली करून त्यांनी हाक मारली, “अगं, जरा ये. वास येतोय का, बघ.”

आई गाडीच्या पुढे आल्या, पदर सावरून वाकल्या, थोडा वेळ तशाच थांबल्या.

“नाही येत,” त्या म्हणाल्या. “चला.”